अडत्या नको : हिदेतोशी नाकाताच्या ऑनलाईन लोकप्रियतेचं प्रकरण

३ जुलै २००६. जर्मनीतला वर्ल्ड कप अजून सुरूच होता, पहिली सेमीफायनल दुसऱ्या दिवशी होती. जपानचा संघ पहिल्याच फेरीत गारद होऊन केव्हाच बाहेर पडला होता. त्या दिवशी जपानी लोकांना कळलं की त्यांचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू वयाच्या २९ व्या वर्षी बूट काढून ठेवतोय. पत्रकार परिषद नाही, कॅमेऱ्यासमोर डोळे पुसणं नाही. हिदेतोशी नाकातानं स्वतःच्या वेबसाईटवर, म्हणजे नाकाता डॉट नेटवर, एक लांबलचक पत्र टाकलं. पेपरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी बातमी तिथूनच उचलली.

आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. आपल्या धोनीनं २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला आणि विषय संपवला. पण २००६ मध्ये इन्स्टाग्राम जन्मायचं होतं आणि ट्विटर त्याच जुलै महिन्यात लोकांसाठी खुलं होत होतं. शिवाय नाकाताची साईट तेव्हा नवी नव्हती. ती १९९८ पासून चालू होती.

खेळणं सोडून वीस वर्षं होत आली तरी या माणसाचं नाव नेटवर का फिरत राहतं, हा या प्रकरणाचा प्रश्न. खेळ चांगला होता हे खरंच, पण चांगले खेळाडू पुष्कळ होऊन गेले. माझ्या मते खरं उत्तर त्याच्या एका खोडीत आहे. मंडईच्या भाषेत सांगायचं तर या माणसाला अडत्या चालत नाही. माल आपला, गिऱ्हाईक आपलं, मग मध्ये बसून भाव ठरवणारा हवा कशाला?

तिढा कुठून सुरू झाला

नाकाता यामानाशी प्रांतातल्या कोफूचा. जन्म २२ जानेवारी १९७७. १९९५ मध्ये बेलमारे हिरात्सुका या क्लबात तो व्यावसायिक खेळाडू झाला. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकच्या स्पर्धेत मायामीत ब्राझीलला १–० असं हरवणाऱ्या जपानच्या संघात तो होता. पण घराघरात पोचला तो १६ नोव्हेंबर १९९७ च्या रात्री, मलेशियातल्या जोहोर बाहरूमध्ये.

जपान तोवर एकदाही वर्ल्ड कपला गेलेला नव्हता. समोर इराण, आणि जिंकेल त्याला थेट फ्रान्सचं तिकीट. जपानचा पहिला गोल नाकाताच्या पासवर झाला. मग इराणनं दोन मारले. बरोबरीचा गोल नाकाताच्या क्रॉसवर. जादा वेळेत बदली खेळाडू ओकानोनं हातातोंडाशी आलेल्या संधी एकामागून एक घालवल्या, आणि ११८ व्या मिनिटाला नाकातानं लांबून फटका मारला, गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला, ओकानो घसरत आला आणि त्यानं तो आत ढकलला. ३–२. तिन्ही गोलांमागे एकच माणूस, वय २०.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. जपानमध्ये फक्त खेळाला वाहिलेली दैनिकं असतात, स्टेशनावरच्या टपऱ्यांवर ती खपतात, आणि त्यांना रोज एक मोठा मथळा लागतो. नाकाता मथळ्याला हवा तसा आणि नको तसाही. प्रश्न बाष्कळ वाटला की हा गप्प बसायचा किंवा दोन शब्दांत वाट लावायचा. मग जानेवारी १९९८ मध्ये एका राष्ट्रीय दैनिकात राष्ट्रगीताविषयीचं त्याचं मत म्हणून काही छापून आलं. कट्टर उजव्या गटांनी त्यावरून त्याला लक्ष्य केलं, धमक्या आल्या. आपण काय बोललो आणि छापून काय आलं यातलं अंतर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, हा धडा त्याला एकविसाव्या वर्षी मिळाला.

त्याच वर्षी नाकाता डॉट नेट सुरू झाली. तिथे तो स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि लोक त्याला मेल पाठवायचे. बस, एवढंच. त्याच्या मागे उभी होती सनी साइड अप ही टोकियोतली कंपनी. ती मुळात जनसंपर्काचा धंदा करणारी, म्हणजे वर्तमानपत्रांशी गोड राहणं हेच जिचं पोट, आणि तिचा सगळ्यात मोठा खेळाडू वर्तमानपत्रांना वळसा घालत होता. मला या प्रकरणातली ही गंमत फार आवडते.

पेरुजाची रविवार दुपार, टोकियोची रात्र

फ्रान्समधल्या वर्ल्ड कपला तो केस सोनेरी रंगवून गेला. जपान तिन्ही मॅच हरला. तरी इटलीतल्या पेरुजा या मध्यम वकुबाच्या क्लबानं त्याला घेतलं. आशियाई खेळाडू म्हणजे टीशर्ट विकायचं साधन, अशी कुजबुज युरोपात तेव्हा उघड चालायची. १३ सप्टेंबर १९९८ ला पदार्पण, तेही चॅम्पियन युव्हेंटसविरुद्ध. हाफटाइमला पेरुजा ०–३. दुसऱ्या हाफमध्ये नाकातानं दोन गोल मारले. मॅच ३–४ अशी गेली खरी, पण कुजबुज बंद झाली. त्या मोसमात त्यानं लीगमध्ये १० गोल केले. पेरुजात जपानी पर्यटकांची रीघ लागली आणि त्याच्या ७ नंबरच्या शर्टाची दोन्ही देशांत विक्री झाली. म्हणजे टीशर्टही विकले गेलेच, फक्त आता गोलांसकट.

इथे एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो, आणि फुटबॉलवाले तो सांगत नाहीत. त्या काळी जपानमध्ये इंटरनेट म्हणजे फोनची लाईन आणि मिनिटागणिक चढणारं बिल. त्यावर एनटीटी या टेलिफोन कंपनीची एक योजना होती, तेलेहोदाई. रात्री ११ ते सकाळी ८ या वेळात ठरवून दिलेल्या नंबरांवर कितीही वेळ बोला, आकार ठरलेला. त्यामुळे अख्खा नेटकरी जपान अकराच्या ठोक्याला जागा व्हायचा. इटलीतल्या रविवार दुपारच्या मॅच जपानमध्ये सुरू होतात साधारण साडेदहा-अकराला. मॅच संपते तेव्हा मध्यरात्र उलटलेली, लाईन स्वस्त, झोप उडालेली आणि मनात एकच विचार, आता हा काय लिहितोय बघू. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पण मळा तयार असावा आणि पाट नेमका शेजारून जावा, तसं ते जुळून आलं. १९९९ च्या फेब्रुवारीत डोकोमोची आय-मोड सेवा आली आणि ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर मेल वाचणारी माणसंही वाढली.

पुढे साईटच्या नावानं टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि २००२ च्या वर्ल्ड कपला टोकियोत नाकाता डॉट नेट कॅफे उघडला. नारिता विमानतळावर तो उतरला की त्यानं काय घातलंय यावर चर्चा व्हायची. सगळं त्या काळच्या मानानं भलतंच पुढचं होतं, आणि थोडं अतीही.

तुरिन, ६ मे २००१

आज नेटवर नाकाता शोधणारा नवा पोरगा बहुधा एकाच मॅचपाशी येऊन थांबतो, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

२००० च्या जानेवारीत तो रोमा या इटलीतल्याच मोठ्या क्लबात गेला होता. त्याची जागा जिथे, तिथे रोमाचा राजा तोत्ती. म्हणजे बाकावर बसणं आलं. शिवाय युरोपियन युनियनबाहेरच्या देशांचे मोजकेच खेळाडू मॅचला उतरवता येत, आणि रोमाकडे तसे जास्त होते. तो नियम मे २००१ च्या सुरुवातीला, मोसम संपायला आलेला असताना, मधेच सैल झाला. युव्हेंटसचा तिळपापड झाला, कारण काही दिवसांवर तुरिनमध्ये, त्यांच्याच मैदानावर, रोमाशी गाठ होती आणि विजेतेपदासाठी हेच दोन संघ झुंजत होते.

सहा मिनिटांत युव्हेंटस २–० पुढे. देल पिएरो, मग झिदान. साठाव्या मिनिटाच्या सुमारास प्रशिक्षक कापेल्लोनं तोत्तीला बाहेर काढलं आणि नाकाताला आत पाठवलं. ७९ व्या मिनिटाला त्यानं मधल्या भागात चेंडू हिसकावला, चार पावलं पुढे गेला आणि गोलपासून बऱ्याच लांबून उजव्या पायानं हाणला. चेंडू वरच्या कोपऱ्यात. शेवटच्या क्षणांत पुन्हा त्याचाच लांबचा फटका, युव्हेंटसचा गोलकीपर व्हान डेर सारनं तो कसाबसा हातानं परतवला आणि रोमाच्या मोन्तेल्लानं आत घातला. २–२. मोसम संपला तेव्हा रोमाचे गुण ७५, युव्हेंटसचे ७३.

जोहोर बाहरू आठवतंय? तोच लांबचा फटका, तोच गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू, दुसऱ्याच्या नावावर लागलेला शेवटचा गोल. छोट्या पडद्यासाठी याहून चांगला ऐवज नाही: अर्धा तास खेळलेला माणूस, दोन फटके आणि विजेतेपदाला लागलेला हात. पूर्ण मॅच पाहायची गरजच नाही. नाकाताच्या कारकिर्दीत सलग दहा मोसमांचं साम्राज्य नव्हतं. रोमानंतर पार्मानं त्याला प्रचंड रक्कम मोजून घेतलं आणि तिथे त्यानं इटालियन कप जिंकला, पण नंतर बोलोन्या, फिओरेन्तिना, बोल्टन अशी उतरती भांजणीच लागली. मात्र सुटे सुटे लखलखीत क्षण होते, आणि नेटला तेच लागतात.

आपल्याकडच्यांनी त्याला बहुतेक २००२ मध्ये पाहिलं. जपान–कोरियातला तो वर्ल्ड कप भारतात भर दिवसा दिसायचा. १४ जूनला जपान–ट्युनिशिया मॅच आपल्या घड्याळात दुपारी बारा वाजता सुरू झाली, आणि ७५ व्या मिनिटाला नाकातानं डोक्यानं गोल मारला. नायकीच्या त्या पिंजऱ्यातल्या फुटबॉलच्या जाहिरातीतही तो तोत्ती आणि ऑन्रीच्या संघात होता. (पुण्यातल्या फुटबॉलवेड्याला ‘जपानी खेळाडू’ म्हटलं की मात्र इझुमी अराता आठवेल. तो पुणे एफसीकडून खेळला आणि पुढे जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून उतरला. ते प्रकरण वेगळं, आणि त्यावर कुणीतरी लिहायला हवं.)

पत्र

२२ जून २००६, डॉर्टमुंड. ब्राझीलकडून १–४. शिट्टी वाजली आणि नाकाता मधल्या वर्तुळात पाठीवर आडवा झाला. बाकीचे निघून गेले तरी कितीतरी वेळ तो तसाच पडून होता. का, ते तेव्हा बघणाऱ्यांना कळलं नाही. अकरा दिवसांनी पत्र आलं.

पत्राचं शीर्षक साधारण असं: आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य. एरवी कॅलेंडरवर शोभेल असं वाक्य. पण खाली दोन तारखा होत्या: १ डिसेंबर १९८५ ते २२ जून २००६. थडग्यावर कोरतात तशा. पहिली तारीख पहिल्या व्यावसायिक मॅचची नाही. आठ वर्षांचा असताना, कडाक्याच्या थंडीत, यामानाशीतल्या एका शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात आपण हा खेळ सुरू केला, असं तो सांगतो. तिथून धरून हिशेब.

दुसरी गोष्ट, ‘मी’ हा शब्द. जपानीत ‘मी’ला अनेक शब्द आहेत, आणि माणूस कुणासमोर उभा आहे त्यावर कोणता वापरायचा ते ठरतं. पत्रकार परिषदेत, कार्यालयात, वडीलधाऱ्यांसमोर एक चालतो. नाकातानं पत्रात घेतला ‘ओरे’, म्हणजे पोरं पोरांत बोलताना घेतात तो. अख्ख्या देशानं वाचायचं निवेदन आणि भाषा कट्ट्यावरची. निवृत्तीलाही त्यानं ‘पदवी घेऊन बाहेर पडणं’ या अर्थाचा शब्द वापरला. निर्णय सहा महिन्यांपूर्वीच झाला होता, तेही सांगितलं. शेवटी मनापासून ‘धन्यवाद’, आणि खाली सही ‘हिदे’. आडनाव नाही.

मधला अडत्या काढून टाकला की भाषा अशी बदलते. हेच पत्र फेडरेशनच्या पत्रकातून गेलं असतं तर ‘ओरे’ पहिल्याच मसुद्यात गेला असता.

किंमत

आता दुसरी बाजू. अडत्या नुसता भाव पाडत नाही, माल पारखूनही घेतो. नाकाताच्या साईटवर उलट प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. काय सांगायचं आणि काय गाळायचं, सगळं त्याच्या हातात. चाहत्याला वाटतं आपल्याशी थेट बोलतोय, पण थेट बोलणं आणि पूर्ण बोलणं यात फरक आहे. ‘मला चुकीचं छापतात’ हे गाऱ्हाणं रास्त होतं. त्यावरचा इलाज म्हणजे ‘मला कुणीच विचारू नये’, हा मात्र जरा जास्तच सोयीचा. आज प्रत्येक नट, नेता आणि खेळाडू हाच इलाज वापरतो, तेव्हा तो किती सोयीचा आहे ते अधिक कळतं.

त्याच पत्रात आणखी एक कडू जागा आहे. या संघात जगाशी झुंजण्याइतकी ताकद होती, पण ती पूर्ण बाहेर कशी काढायची ते संघाला ठाऊक नव्हतं, असं तो लिहितो. आपण ते सांगायचा प्रयत्न करत राहिलो आणि ते पोचलं नाही, हेही कबूल करतो. संघात तो एकटा पडलाय ही चर्चा त्या वर्षी होतीच. हजारो अनोळखी लोकांशी पडद्यावरून मोकळं बोलणाऱ्या माणसाला ड्रेसिंग रूममधल्या बावीस जणांशी बोलता आलं नाही. मला तरी ही या प्रकरणातली सगळ्यात खरी नोंद वाटते.

नंतर

निवृत्त खेळाडूचा नेटवरचा संसार सहसा ठरलेला असतो: समालोचन, जुन्या आठवणी, आजच्या पोरांवर टीका. नाकातानं यातलं जवळपास काही केलं नाही. प्रशिक्षक झाला नाही. त्याचा ज्येष्ठ सहकारी काझुयोशी मिउरा, जन्म १९६७, पन्नाशी ओलांडूनही खेळत राहिला आणि खेळत राहिला म्हणूनच बातमीत राहिला. नाकाताचं बरोबर उलटं. तो २९ वर गोठला. सुजलेलं पोट घेऊन दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये धापा टाकणारा नाकाता कुणी पाहिलेलाच नाही, त्यामुळे जुन्या फिल्ममधल्या नाकाताला आव्हान द्यायला नवा नाकाता नाही. २००४ मध्ये पेलेनं निवडलेल्या हयात दिग्गजांच्या यादीत आशियातले दोघंच होते, हा आणि कोरियाचा हाँग म्युंग-बो. फिफा गेमच्या मालिकेतही दिग्गज म्हणून त्याचं कार्ड आलं. २००६ नंतर जन्मलेल्या पोरांना तो असा सापडतो, बोटांनी खेळवायचा माणूस म्हणून.

पण तो स्वतः कुठे गेला? आधी जगभर भटकला. ठिकठिकाणी लोक त्याला जपानबद्दल विचारायचे आणि आपल्याला आपला देशच माहीत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, असं तो सांगतो. २००९ मध्ये त्यानं ओकिनावापासून सुरुवात केली आणि जपानचे सगळे ४७ प्रांत पालथे घातले. कुंभार, शेतकरी, विणकर आणि मुख्य म्हणजे साके बनवणारी घराणी. साके म्हणजे तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवून, आंबवून केलेलं मद्य. जपानमध्ये त्याचा खप १९७० च्या दशकापासून घसरतच आलाय. नाकातानं शेकडो कारखाने पायाखाली घातले, २०१५ मध्ये जपान क्राफ्ट साके कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षीपासून टोकियोच्या रोप्पोंगी हिल्समध्ये क्राफ्ट साके वीक भरवायला लागला. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं साके बनवण्याच्या पारंपरिक पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ते श्रेय अर्थातच शेकडो वर्षं तांदूळ धुणाऱ्या कारागिरांचं.

वरवर पाहता फुटबॉलचा आणि याचा काय संबंध? पण साकेची बाटली हातात घेऊन पाहा. लेबलावर फर्राट्याच्या कांजी लिपीत नाव, बारीक अक्षरात तांदळाची जात, दाणा किती घासला त्याची टक्केवारी. परदेशी माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही, मग तो विक्रेता सांगेल ते घेतो. बनवणाऱ्याचं म्हणणं पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. नाकाताच्या कंपनीनं ‘साकेनोमी’ नावाचं ॲप काढलं. लेबलाचा फोटो काढा, कुणी बनवली, कशी बनवली, ते तुमच्या भाषेत वाचा. १९९८ ची वेबसाईट आणि हे ॲप यांची जातकुळी एकच. कारागिरांची ओळख करून देणाऱ्या त्याच्या साईटचं नाव ‘निहोनमोनो’, त्यात ‘निहोन’ म्हणजे जपान आणि ‘होनमोनो’ म्हणजे अस्सल, दोन्ही एकात एक बसवलेत. फक्त या वेळी तो दुसऱ्यांच्या तोंडून बोलतोय.

त्यामुळे आज त्याच्या नावाचे दोन प्रवाह नेटवर वाहतात आणि त्यांची फारशी गाठ पडत नाही. एकीकडे तुरिनचा फटका, सोनेरी केस, पेरुजाचा ७ नंबर. तिथे बोलणारे सगळे दुसरेच, तो स्वतः नाही. दुसरीकडे पन्नाशीच्या आसपासचा, नीट कपडे घातलेला एक गृहस्थ तांदूळ, माती आणि चहा यांबद्दल बोलतो. फुटबॉलच्या ओढीनं आलेला चाहता तिथे चुकून पोचतो आणि जरा गोंधळतो. नाकाताला ते चालतं असं दिसतं.

यामागाता प्रांतातल्या ताकागी शुझो या घराण्याबरोबर त्यानं एक साकेही काढली. त्या घराण्याची ‘जुयोनदाई’, म्हणजे ‘चौदावी पिढी’, ही साके मिळवायला जपानी माणसं जिवाचं रान करतात. लेबल वाचता येत नाही म्हणून ॲप काढणाऱ्या माणसाच्या या बाटलीवर ठळक असं एकच रोमन अक्षर आहे. एन.